खाटांचा निधी आणि घरभेटींचा निधी

बरा न होणाऱ्या रुग्णाच्या शेवटच्या दिवसांसाठी देणगी मागणे हे धर्मादाय कामातले अवघड काम. शस्त्रक्रियेनंतर चालू लागलेले मूल देणगीदाराला दाखवता येते. इथे दाखवायला तसे काही नसते. तरीही जगभर हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांची काळजी घेणारी घरे, उभी राहिली ती बहुतेक लोकांच्या पैशावरच. पैसा कसा मागितला गेला, त्यावर सेवेचे रूपही ठरत गेले.

सुरुवातीच्या काळात हा भार धर्मसंघांवर होता. डब्लिनमध्ये 1879 साली आणि लंडनच्या हॅकनी भागात 1905 साली आयरिश ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या संघाच्या जोगिणींनी मरणासन्नांसाठी घरे उघडली. तिथे श्रद्धाळूंना देणगीचे कारण समजावून सांगावे लागत नव्हते.

समजावून सांगण्याची गरज पडली ती सिसिली साँडर्स यांना. 1948 साली त्या लंडनमध्ये वैद्यकीय समाजसेविका होत्या. डेव्हिड टास्मा हा वॉर्सॉहून आलेला, हॉटेलात वेटरचे काम केलेला पोलिश ज्यू कर्करोगाने मरत होता. अशा रुग्णांसाठी घर कसे असावे, याबद्दल दोघांचे बोलणे होत असे. जाताना त्याने त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवले आणि त्या घरातली एक खिडकी आपली असेल असे सांगितले. ते घर, म्हणजे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, उघडायला 1967 साल उजाडले. टास्माच्या नावाची साध्या काचेची खिडकी तिथे आहे.

मधल्या एकोणीस वर्षांत साँडर्स डॉक्टर झाल्या, 1958 पासून जोगिणींच्या हॅकनीतल्या त्याच घरात, सेंट जोसेफमध्ये, काम करू लागल्या आणि 1959 साली त्यांनी नियोजित घराचा आराखडा लिहून ओळखीच्यांत फिरवला. व्याख्याने, पत्रे, लंडनच्या जुन्या धर्मादाय निधींकडे अर्ज हे सगळे चालूच होते. पण त्यांची खरी मदार होती ती सेंट जोसेफमधल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर. दुखणे उसळायची वाट न पाहता ठरल्या वेळेला तोंडावाटे मॉर्फिन दिले तर वेदना आटोक्यात राहतात आणि माणूस शुद्धीत बोलत-चालत राहतो, हे त्या आकड्यांनिशी सांगू शकत होत्या. नुसत्या दयेच्या जोरावर घर उभारण्याइतकी रक्कम जमली असती का, शंकाच आहे.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही 1948 सालीच सुरू झाली. तरी हॉस्पिस मात्र धर्मादायच राहिली. प्रौढांच्या हॉस्पिसना आजही सरकारकडून सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपासच खर्च मिळतो. उरलेला पैसा जुन्या कपड्यांची दुकाने, सोडती, मृत्युपत्रे यांतून येतो. डग्लस मॅकमिलन यांनी तर 1911 साली वडिलांनी दिलेल्या दहा पौंडांवर कर्करोगग्रस्तांसाठी संस्था काढली होती. पुढे तिने नर्सचा पगार पहिली काही वर्षे स्वतः देऊन नंतर तो सरकारी सेवेच्या गळ्यात घालण्याची शिताफी दाखवली. देणगी बीजभांडवलासारखी वापरण्याची ही युक्ती इमारतीवर नाव कोरण्यापेक्षा कितीतरी दूरगामी ठरली.

भारतात पहिली वाट खाटांचीच होती. टाटा मेमोरियलमधले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुई डिसोझा यांच्या पुढाकाराने 1986 साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू झाला. पुढे गोवा आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. सेवा विनामूल्य, म्हणून सगळी भिस्त देणगीदारांवर. पुण्यात वारज्याला 1997 साली सिप्ला या औषध कंपनीने केंद्र उभारले, तेही मोफत. विश्वस्त संस्था, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मोठा दाता हा महाराष्ट्राच्या परिचयाचा रस्ता होता. त्याची मर्यादाही उघड होती: खाट मिळाली त्याला सर्व काही, न मिळालेल्याला काहीच नाही. भरीला 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळवणे इतके किचकट करून ठेवले की पैसा असूनही औषध मिळेना. ती गाठ थोडीफार सुटली ती 2014 च्या दुरुस्तीने.

केरळने उलटी बाजू धरली. कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी 1993 साली वेदनाशामक सेवेची संस्था काढली. बाह्यरुग्ण विभाग एका खोलीचा होता. रुग्ण लांबून येत आणि दुसऱ्या खेपेला अनेकांना उठवतही नसे. तेव्हा सेवाच त्यांच्या दारी न्यायचे ठरले आणि 1999 पासून मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. गावातल्याच स्वयंसेवकांना थोडके प्रशिक्षण देऊन घरभेटींना पाठवायचे, पाठीशी नर्स आणि गरजेपुरता डॉक्टर, अशी रचना होती.

पैसाही गावातूनच आला. दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेला डबा, शाळा-कॉलेजातली मुलांची गोळाबेरीज, घरटी महिन्याला दहा-वीस रुपयांची वर्गणी आणि आखातात गेलेल्यांकडून येणारी भर. खर्चाची यादी पाहिली तर औषधे, मलमपट्टी, लघवीची नळी, गाडीभाडे. आणि त्याच यादीत घरातला कमावता अंथरुणाला खिळला म्हणून तांदळाचे पोते व मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे. एखाद्या बड्या दात्याने तांदळाला पैसे दिले असते की नाही, कोण जाणे. शेजाऱ्याला मात्र त्या घरची चूल पेटत नाही हे ठाऊक असते. शिवाय वर्गणीदारच स्वयंसेवक असल्याने हिशेब विचारणारा माणूस गल्लीतच राहत होता.

याच जाळ्याच्या बळावर केरळ सरकारने 2008 साली उपशामक सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण जाहीर केले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी या कामासाठी नर्स नेमून घरभेटी सुरू केल्या. 15 जानेवारी हा तिथे उपशामक सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि निधी गोळा करण्याचाही तोच मोठा दिवस असतो. या सेवेसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 साली आला. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याची तरतूद लागू झाल्यावर संस्थांना अर्ज करायला आणखी एक दार मिळाले. कंपनीचा पैसा प्रकल्पासाठी आणि ठराविक मुदतीसाठी येतो. घरभेटी करणाऱ्या नर्सचा पगार मात्र दरमहा लागतो, आणि त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन फिरणे संस्थांना अजून चुकलेले नाही.