ग्राऊंड उसाखाली गेलं त्याची गोष्ट



परवा खोडवा तुटला. पाचट सरीत ओढताना धाकटा पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही क्रिकेट कुठं खेळायचा?" म्हटलं, "तू उभा हाईस तिथंच."

त्याला पटलं नाही. म्हणून हे लिहितोय.

क्रिकेट आपल्याकडं जुनं. १९५२ साली मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली, तेव्हाचे कप्तान विजय हजारे १९१५ साली सांगलीतच जन्मले. पण खेड्यात खेळासाठी वेगळी जागा कुठली? शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, फेब्रुवारी-मार्चात काढायचा. तिथनं मृगापर्यंत रान मोकळं. तेच ग्राऊंड.

आणि पीच म्हणजे खळं. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपायचं, शेणानं सारवायचं. मधी तिवडा, भोवती बैलांची पात. मळणी उरकून तिवडा उपटला की पोरांचं राज्य. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, पण चोपलेल्या खळ्यावर टप्पा सरळ यायचा.

मग पाणी आलं. खोडशीच्या बंधाऱ्यावरनं निघणारा कृष्णा कालवा इंग्रजांच्या काळातला. त्यामागनं साखर कारखाने, नदीवरच्या लिफ्टा, पुढं ताकारी, म्हैसाळ, टेंभू. कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, जतपर्यंत चढलं. त्या पाण्यावरच आमचं घर उभं राहिलं, त्याला नावं ठेवणार नाही.

पण हिशोब बघा. सुरू ऊस १२ महिने, पूर्वहंगामी १४-१५, आडसाली १६ ते १८. वर खोडवा. शाळवानंतर रान मोकळं राहायचं ते तीन महिनेच गेले. मळणीयंत्र आलं, खळंही गेलं. आमचं ग्राऊंड कुणी बळकावलं नाही. आम्हीच पहिली सरी सोडली, तीही पीचवरनं.

आता पोरं डांबरी रस्त्यावर खेळतात. उसाचा ट्रॅक्टर आला की स्टंप उचलून बाजूला.

म्हणून यंदा दुसरा खोडवा धरत नाही. एकच पीक घेऊन रानही थकलंय. मे अखेरीस नांगरट, मग ताग गाडून लावण. तोवर २० गुंठे पोरांना दिलेत. खेळून चोपलं तरी नांगर हायच.

तुमच्या गावचं ग्राऊंड आज कुठल्या पिकाखाली आहे?