खेरसन, एप्रिल 1933 : माणसात बसवलेल्या पहिल्या मानवी किडनीचा घटनाक्रम

आधीचे दिवस
युक्रेनमधलं खेरसन. 26 वर्षांची स्त्री रुग्णालयात. मर्क्युरिक क्लोराईड हे पाऱ्याचं संयुग पोटात गेलेलं, लघवी बंद, शुद्ध हरपलेली. पाऱ्याने तिच्या दोन्ही किडन्यांमधल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारल्या आहेत. या पेशी बहुधा पुन्हा वाढतात, पण त्यांना आठवडे लागतात. तेवढे दिवस रक्त शुद्ध ठेवू शकेल असं डायलिसिसचं यंत्र तिथे नाही. विलेम कोल्फ नेदरलँड्समध्ये आपलं यंत्र पहिल्या रुग्णाला लावेल, ते 1943 साली.

शून्य तास
60 वर्षांचा एक माणूस डोक्याच्या दुखापतीने मरतो. हृदय थांबलं, किडनीचा रक्तपुरवठा थांबला. घड्याळ इथूनच धरायला हवं. शस्त्रक्रिया अजून कितीतरी दूर आहे.

तास 1
जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला गाडीने जायला साधारण एवढा वेळ लागतो. शरीर अजून गरम असताना रक्ताविना एवढ्यात किडनीला गंभीर इजा होते. आज दात्याची किडनी थंड द्रावणाने धुऊन बर्फात ठेवतात. 4 अंशांच्या आसपास पेशींची प्राणवायूची गरज खूप घटते आणि सुमारे एका दिवसाची उसंत मिळते. 1933 साली ही पद्धत नाही.

तास 2 ते 5
दात्याचा रक्तगट बी, तिचा ओ. रक्तगटांचा शोध 1901 सालचा. तिच्या रक्तात बी गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासूनच तयार आहेत. शल्यविशारद युरी व्होरोनॉय 37 वर्षांचा आहे. परक्या किडनीविरुद्ध शरीर प्रतिद्रव्यं बनवतं, हे त्याने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत स्वतः पाहिलेलं. तरीही तो थांबत नाही. मला त्याला दोष देववत नाही. न करण्याचा अर्थ तिचं मरण, एवढं त्याच्यासमोर स्पष्ट होतं.

तास 6
किडनी काढली जाते. व्होरोनॉयचे गुरू शामोव्ह यांनी मृत कुत्र्यांचं रक्त जिवंत कुत्र्यांना देऊन दाखवलं होतं. 1930 साली मॉस्कोत युदिन यांनी मृत माणसाचं रक्त रुग्णाला दिलं. त्या परंपरेत वाढलेल्या शल्यविशारदाला सहा तास फार वाटले नसावेत. पण रक्त टिकतं तेवढा वेळ किडनी टिकत नाही.

3 एप्रिल, शस्त्रक्रिया
फक्त जागा बधिर करून किडनी मांडीत बसवली जाते. तिथल्या रक्तवाहिन्यांना जोड. मूत्रवाहिनी कातडीबाहेर काढलेली, म्हणजे थेंबन्‌थेंब दिसावा. रक्त सोडल्यावर किडनी भरते. थोडी लघवी झाल्याची नोंद आहे.

4 एप्रिल
किडनीचं काम मंदावतं.

आजच्या वॉर्डात याच दिवशी युरीन आउटपुट मोजतात, क्रिएटिनिन पाहतात. आकडा उतरला नाही आणि पहिल्याच आठवड्यात डायलिसिस लावावं लागलं, तर किडनी उशिरा सुरू होतेय, असं डॉक्टर सांगतात. ऑपरेशन झाल्यावरही डायलिसिस, हे ऐकून जालन्याहून आलेल्या घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण अशा बहुतेक किडन्या पुढे काही दिवसांत, काही आठवड्यांत काम करू लागतात. तोवर नाकारण्याची प्रक्रिया आत लपून तर नाही ना, हे गरजेप्रमाणे बायोप्सी करून पाहतात.

खेरसनमध्ये दोन्हीकडे नलिकाच मेल्या आहेत, तिच्या किडन्यांत पाऱ्याने आणि दात्याच्या किडनीत रक्ताविना. तिच्या स्वतःच्या किडन्या कदाचित सावरल्याही असत्या. बसवलेल्या किडनीला मात्र सहा तास आणि चुकीचा रक्तगट, दोन्ही भोवत आहेत. डायलिसिस नाही, म्हणून वाट पाहण्याची सोयही नाही.

5 एप्रिल
ती मरण पावते. किडनी बसवून जेमतेम दोन दिवस झाले आहेत.

शवविच्छेदनात जोडलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या सापडतात, त्यांत गुठळी नाही. टाके बरोबर होते.

1949 पर्यंत
व्होरोनॉय आणखी पाच वेळा मृत दात्याची किडनी बसवतो. एकही टिकत नाही.