वुंडरलिस्ट

वुंडरलिस्ट हे कामांच्या याद्या करून त्यांचा पाठपुरावा करण्यासाठीचे एक अ‍ॅप होते. जर्मनीतील बर्लिन शहरातील ‘६ वुंडरकिंडर’ या कंपनीने ते इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले व ६ मे २०२० रोजी बंद करण्यात आले.

स्वरूप

वापरकर्त्याला घर, कार्यालय, बाजारहाट अशा वेगवेगळ्या याद्या करता येत. प्रत्येक कामाला मुदत आणि स्मरणसूचना जोडता येई. एका साधनावर नोंदवलेले काम इतर साधनांवरही दिसे. एकच यादी अनेकांना वापरता येत असल्यामुळे कुटुंबे आणि लहान कार्यगट यांच्यातही हे अ‍ॅप लोकप्रिय झाले.

विकास

क्रिस्टियान रेबर हे कंपनीचे एक संस्थापक होत. पहिली आवृत्ती ‘टायटॅनियम’ या तंत्रचौकटीवर उभारलेली होती. त्यामुळे थोड्या मनुष्यबळात अनेक प्रणालींसाठी अ‍ॅप तयार करता आले. त्यानंतर कंपनीने ‘वुंडरकिट’ हे सामूहिक कामासाठीचे अधिक व्यापक उत्पादन हाती घेतले, परंतु इ.स. २०१२ मध्येच ते सोडून देऊन तिने आपले लक्ष पुन्हा साध्या यादीकडे वळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस वुंडरलिस्टची दुसरी आवृत्ती आली. ती प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्रपणे लिहिलेली होती. इ.स. २०१४ मधील तिसऱ्या आवृत्तीत याद्यांतील बदल तत्क्षणी सर्वांना दिसू लागले. तिच्यामागील यंत्रणा अनेक छोट्या, स्वतंत्र सेवांमध्ये विभागलेली होती.

मूळ सेवा विनामूल्य होती. अधिक सुविधांसाठी ‘प्रो’ ही सशुल्क योजना होती. इ.स. २०१३ मध्ये सिकोया कॅपिटलने कंपनीत गुंतवणूक केली.

विक्री आणि समाप्ती

जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. एप्रिल २०१७ मध्ये याच चमूने घडवलेले ‘मायक्रोसॉफ्ट टू-डू’ हे नवे अ‍ॅप प्रायोगिक स्वरूपात सादर झाले. त्यात वुंडरलिस्टमधील आवडत्या सुविधा आल्यावर जुने अ‍ॅप बंद केले जाईल, असे त्या वेळी घोषित करण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये रेबर यांनी वुंडरलिस्ट परत विकत घेण्याची इच्छा जाहीरपणे व्यक्त केली. मात्र तसा व्यवहार झाला नाही. वापरकर्त्यांना आपल्या याद्या टू-डूमध्ये हलवण्याची सोय देण्यात आली. वुंडरलिस्टची ओळख बनलेले बर्लिनच्या दूरचित्रवाणी मनोऱ्याचे पार्श्वचित्रही टू-डूमध्ये घेण्यात आले.

महत्त्व

वुंडरलिस्टच्या वापरकर्त्यांच्या याद्या कंपनीच्या सर्व्हरवर साठवल्या जात. त्यामुळे अ‍ॅप व्यवस्थित चालत असतानाही ते वापरत राहायचे की नाही, हा निर्णय वापरकर्त्याच्या हाती उरला नाही. अशा सेवेची निवड करताना आपली माहिती सहज बाहेर काढता येते का, हे पाहणे किती आवश्यक आहे, ते या उदाहरणातून स्पष्ट होते. रेबर यांनी पुढे ‘सुपरलिस्ट’ या नव्या अ‍ॅपच्या उभारणीत भाग घेतला.