फरासिसांचा वकील आणि आपला

मराठी कागदपत्रांत फ्रेंचांना ‘फरासीस’ म्हटलेले आढळते. हे फरासीस आपल्याकडे मुख्यतः तोफांमुळे आणि कवायती पलटणींमुळे लक्षात राहिले. त्यांचा एक वकीलही एकदा पुण्याच्या दरबारात मोठ्या मानाने येऊन गेला आणि त्याच्या येण्याने मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत इंग्रजांची झोप उडाली, ही हकिकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या हकिकतीचा एक धागा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातून जातो. आपल्या बालाघाट जिल्ह्यातील लांजीकडची गावे 1853 पर्यंत त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होती. परसवाड्याच्या पठारावर राहणाऱ्या मराठी वाचकालाही म्हणून ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये.

1777 च्या मार्च महिन्यात चौलच्या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज लागले. त्यातून शेव्हालिए द सें ल्युबिन नावाचा गृहस्थ उतरला. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा वकील म्हणून आपण आलो आहोत, असे त्याने कळविले. माणूस हिंदुस्थानला नवखा नव्हता. हैदरअली आणि मद्रासकर इंग्रज या दोघांच्याही जवळ तो पूर्वी वावरलेला होता, आणि त्याच्याविषयी कोणाचे मत फारसे चांगले नव्हते. नाना फडणिसांनी मात्र त्याचे थाटाने स्वागत केले.

त्या वेळची पुण्याची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे नानांचे वागणे उलगडते. सवाई माधवराव जेमतेम तीन वर्षांचे. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. 1776 चा पुरंदरचा तह झालेला, पण मुंबईकर इंग्रजांना तो मनापासून मान्य नव्हता. त्यांचा वकील मॉस्टिन पुण्यात ठाण मांडून बसलेला. अशा वेळी फरासिसांचा वकील दारी आला. त्याच्याकडे फ्रेंच फौज, तोफा आणि दारूगोळा देऊ करणारी बोलणी होती, आणि मोबदल्यात चौलचे बंदर हवे होते. नानांना बंदर देण्याची घाई नव्हती. इंग्रजांना धाक बसावा एवढाच त्यांचा मुख्य हेतू असावा, असे पुढच्या घटनांवरून दिसते.

धाक बसला, पण त्याचे फळ उलटे आले. मॉस्टिनने खबरा धाडल्या. फ्रेंच पश्चिम किनाऱ्यावर पाय रोवणार, या भीतीने मुंबईकरांना राघोबांना पुन्हा उचलून धरण्याचे निमित्त मिळाले. 1778 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालची फौज खुष्कीच्या मार्गाने पश्चिमेकडे रवाना केली. त्याच वर्षी फ्रान्सने अमेरिकेच्या बंडखोर वसाहतींशी तह केल्यामुळे इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात उघड युद्ध जुंपले. पुण्यातून सें ल्युबिनला निरोप देण्यात आला, पण गाडा थांबला नाही. जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी मुंबईकरांची फौज कोंडून शरण आणली, तरी लढाई 1782 पर्यंत चालूच राहिली.

भोसल्यांच्या मुलखाचा संबंध येतो तो इथे. बंगालची फौज मध्य हिंदुस्थानातून जायची तर मुधोजी भोसल्यांची मर्जी राखणे इंग्रजांना भाग होते. हेस्टिंग्जने अलेक्झांडर इलियट नावाच्या तरुण अधिकाऱ्याला नागपूरला वकील म्हणून पाठविले. वाटेत कटकला, म्हणजे भोसल्यांच्याच सुभ्यात, त्याने चंद्रनगरचा पळून आलेला फ्रेंच गव्हर्नर शेव्हालिए याला ताब्यात घेतले. फ्रेंचांचा एक प्रतिनिधी पुण्याहून निघून गेला होता, दुसरा भोसल्यांच्या हद्दीत इंग्रजांच्या हाती सापडला. इलियट स्वतः नागपूरला पोचलाच नाही. सप्टेंबर 1778 मध्ये सारंगडजवळ तो तापाने मरण पावला.

आता मूळ प्रश्न. सें ल्युबिन खरोखर किती अधिकाराने बोलत होता? त्याचे शब्द फ्रान्सच्या राजाचे होते की त्याचे स्वतःचे? हे पडताळण्याचा मार्ग नानांजवळ नव्हता, कारण पॅरिसला मराठ्यांचा वकील नव्हता. हैदराबाद, दिल्ली, श्रीरंगपट्टण येथली बित्तंबातमी पुण्यास येत असे. समुद्रापलीकडची बातमी तेवढी परक्याच्या तोंडून ऐकावी लागे. गंमत अशी की समुद्र ओलांडणारा मराठी वकील निघाला तो राघोबांचा. त्यांच्या वतीने हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचा पारशी 1781 मध्ये इंग्लंडात होते, आणि एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. समुद्रबंदी मोडण्याचे धैर्य आपल्यात होते, पण ते घरच्या भांडणात खर्ची पडले.

1782 च्या सालबाईच्या तहाने दार बंद झाले. पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी वगळता अन्य युरोपियनांना पेशव्याने आपल्या राज्यात थारा देऊ नये, त्यांच्याशी स्नेहाचा व्यवहारही ठेवू नये, असे कलम त्यात आले. 1786 मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्याचा रेसिडेंट झाला. 1803 च्या देवगावच्या तहाने नागपूरकरांवरही फ्रेंचांना चाकरीत न ठेवण्याचे बंधन आले, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून दाखल झाला. कोणाचा वकील ठेवावा, हे ठरविण्याचा हक्क गेला की राज्याचे उरते ते नाव.

याच फरासिसांची चीनमधली कथा शेजारी ठेवून पाहावी. चौदाव्या लुईने पाठविलेले जेझुइट पाद्री 1688 मध्ये पेकिंगला पोचले. त्यांच्यापैकी जेर्बियों याने पुढच्याच वर्षी रशियाशी झालेल्या नेर्चिन्स्कच्या तहात चिनी बादशहाच्या बाजूने दुभाष्याचे काम केले. तेव्हा परका माणूस चीनच्या कामी आला. पुढे पारडे फिरले. 1844 मध्ये व्हाम्पोआचा तह झाला, आणि 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा पेकिंगपर्यंत आल्यावर तेथे कायमचा फ्रेंच वकील ठेवणे चीनला मान्य करावे लागले. त्या वेळच्या कराराच्या चिनी मसुद्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या एका फ्रेंच मिशनऱ्याने एक वाक्य जास्तीचे घातले. मिशनऱ्यांना सर्व प्रांतांत जमीन भाड्याने व विकत घेता येईल, असे ते वाक्य होते. फ्रेंच मसुद्यात ते नव्हते, तरी त्याच्या आधारे पुढे गावोगाव तंटे झाले. चीनचा पहिला निवासी वकील ग्वो सुंगताओ लंडनला 1877 मध्ये पोचला, आणि 1878 पासून पॅरिसचे कामही त्याच्याकडे आले. पेकिंगला फ्रेंच वकिलात येऊन तोवर सोळा-सतरा वर्षे झाली होती.

पुणे आणि पेकिंग यांत अंतर फार, पण दोन्हीकडे उणीव एकच दिसते. दुसऱ्याचा माणूस आपल्या दारी होता, आपला माणूस त्याच्या दारी नव्हता. नानांसारखा चाणाक्ष मुत्सद्दीही त्यामुळे अर्ध्या माहितीवर डाव खेळला.

दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. 1956 मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या घरची बोली एक आणि कचेरीची दुसरी. सातबाऱ्याऐवजी खसरा वाचायचा, अर्ज हिंदीत लिहायचा. कागदावरचे एक वाक्य इकडचे तिकडे झाले तर काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी बांधाच्या वादात पाहिले आहे. म्हणून दोन्ही भाषा नीट येणारे माणूस घरात असणे ही आपल्यासाठी हौसेची बाब नाही. मुलांना मराठी टिकवायला सांगताना हिंदीही चांगली यावी असा आग्रह धरावा, म्हणजे आपल्या वतीने बोलायला परका दुभाष्या शोधावा लागणार नाही.