तडजोडीपलीकडचे पावित्र्य : रेव्हरंड टिळकांचा शोध

ख्रिस्ती धर्मविचारात 'पावित्र्य' या शब्दाचा मूळ अर्थ 'देवासाठी वेगळे काढलेले' असा आहे. मात्र हे वेगळेपण मठातील मोजक्या संन्याशांपुरते मर्यादित नाही. नव्या करारातील पत्रांत सामान्य श्रद्धावंतांनाच 'पवित्र जन' असे संबोधले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात जगाच्या रीतीत स्वतःला न मिसळण्याचा उपदेश आहे, तर दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, असे खुद्द येशूने बजावले आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी पैसा, वेळ आणि वाणी यांच्या रोजच्या वापरातच या पावित्र्याची कसोटी पाहिली.

हा विचार मराठी मातीत आचरणात आणू पाहणाऱ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे नाव ठळक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील चित्पावन घराण्यात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तांचा रोष टाळण्यासाठी श्रद्धा मनातच ठेवण्याची वाट त्यांना मोकळी होती. ती त्यांनी नाकारली. त्याची किंमत घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या.

लक्ष्मीबाईंची कसोटी

पुढे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीजवळ आल्यावरही लक्ष्मीबाईंनी केवळ त्यांच्याखातर धर्म बदलला नाही. आरंभी त्या सोवळेओवळे कटाक्षाने पाळीत. जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे मनाला पटल्यावरच त्यांनी ते बंधन टाकले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे'त कोणताही आव न आणता सांगितला आहे. न पटलेल्या गोष्टीला होकार न देणे, हाही प्रामाणिकपणाचाच एक प्रकार होता.

पगाराचा प्रश्न

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत. अध्यापन, 'ज्ञानोदय'चे संपादन, पद्यरचना आणि धर्मोपदेश असा त्यांचा व्याप होता. परंतु परकीय मिशनच्या वेतनावर जगणारा उपदेशक समाजाला पगारी नोकर वाटतो, ही खंत त्यांना होती. संतपरंपरेत वाढलेल्या मराठी मनाला निरिच्छ साधूचे बोल भिडतात, हे ते जाणून होते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच भजन-कीर्तन त्यांनी चर्चमध्ये आणले.

अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. पन्नाशी उलटल्यावर खात्रीच्या वेतनावर पाणी सोडणे सोपे नव्हते. मात्र या संन्यासाने त्यांना समाजापासून तोडले नाही. उलट त्याच्या अधिक जवळ नेले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे लाभली. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

दरबार टिकला नाही, म्हणून तो प्रयोग फसला असे म्हणता येईल काय? श्रद्धा आणि सोय यांत निवड करण्याची वेळ वेतन, नातीगोती आणि प्रतिष्ठा यांच्या निमित्ताने प्रत्येकावर येते. टिळक दांपत्याने ती निवड उंबरठ्याच्या आत, रोजच्या संसारात केली, आणि तिचे मोलही चुकवले.