उक्तं काम म्हणजे काय? गावातल्या छोट्या ठेकेदाराचा नफा नेमका कुठे असतो?

अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या शेजारी पालेगाव आहे. इथे नव्या इमारतींचे टॉवर उभे राहतायत आणि त्यांच्या पलीकडे जुनं गावठाणही आहे. टॉवर मोठ्या कंपन्या बांधतात. पण गावातल्या घरावर मजला चढवायचा, भाड्याने द्यायला दोन खोल्या काढायच्या, कंपाउंडची भिंत घालायची, गोठ्यावर पत्रे टाकायचे, तर ते काम एका माणसाकडे जातं. त्याचं ऑफिस नसतं आणि पाटीही नसते. मोटारसायकल, टेप, वही आणि सतत वाजणारा फोन एवढंच त्याचं भांडवल. त्याला कुणी ठेकेदार म्हणतं, कुणी कॉन्ट्रॅक्टर, कुणी नुसतं मिस्त्री. बदलापूर, वांगणी, मुरबाडच्या गावांतही चित्र असंच आहे.

लोकांचा समज असा की ठेकेदार म्हणजे दुसऱ्याच्या घामावर पैसा करणारा. काही तसे असतीलही. पण वहीतला हिशेब मांडला की वेगळीच गोष्ट दिसते.

काम कसं घेतलं जातं?

पहिला प्रकार रोजंदारीचा. घरमालक रोजचे पैसे देतो आणि काम जितके दिवस चालेल तितके दिवस चालतं. यात ठेकेदाराला धोका नाही, पण मालकाला काम लांबवल्याचा संशय येत राहतो. दुसरा प्रकार मजुरीवर, म्हणजे 'लेबर रेट'ने. सिमेंट, रेती, सळई मालकाची. माणसं, हत्यारं आणि देखरेख ठेकेदाराची. दर चौरस फुटाचा. तिसरा मालासकट, म्हणजे 'विथ मटेरियल'. त्यात बाजारभाव चढला की फटका ठेकेदाराला.

एक ठरलेली रक्कम सांगून सगळं काम अंगावर घेणं म्हणजे उक्तं काम. गावात हेच सगळ्यात जास्त चालतं, कारण मालकाला खर्चाचा आकडा आधी कळतो. काम लांबण्याचा धोका मात्र पूर्णपणे दुसऱ्या बाजूला जातो.

एका घराचा हिशेब

हिशेब समजण्यापुरते आकडे घेऊ. दर गावागणिक आणि कामागणिक वेगळे असतात.

समजा ६०० चौरस फुटांचं स्लॅबचं घर आहे आणि मजुरीचा दर ३५० रुपये ठरला. एकूण झाले २,१०,००० रुपये. ऐकायला रक्कम मोठी वाटते. आता खर्च पाहा. दोन गवंडी १,००० रुपये रोजाने आणि तीन बिगारी ७०० रुपये रोजाने, म्हणजे दिवसाला ४,१०० रुपये. काम ४० दिवसांत संपलं तर मजुरी १,६४,००० रुपये. सेंट्रिंगच्या प्लेट आणि टेकूंचं भाडं, सळई बांधणारा फिटर धरून २५,००० रुपये. टेम्पो, हत्यारं, किरकोळ ५,००० रुपये. बेरीज १,९४,०००.

हातात राहिले १६,००० रुपये. चाळीस दिवसांनी भागलं तर दिवसाला ४००. त्याच्याच हाताखालचा बिगारी ७०० घेऊन घरी जातो.

आणि हे काम वेळेत संपलं तर. रेती वेळेवर आली नाही, मालकाने मध्येच खिडकीची जागा बदलली, गवंडी गावच्या लग्नाला गेला, आणि काम चार दिवस लांबलं, तर १६,४०० रुपये जादा जातात. म्हणजे सगळा नफा संपून वर ४०० रुपये पदरचे. छोट्या ठेकेदाराचा नफा दरात असतो असं वाटतं, पण तो खरं तर दिवसांत असतो.

यातून सुटायच्या दोन वाटा. एक, स्वतः थापी हातात घ्यायची. एका गवंड्याचे चाळीस दिवसांचे ४०,००० वाचतात आणि १६,००० चे ५६,००० होतात. पण मग दुसऱ्या कामावर कोण बघणार? दुसरी वाट, एकाच वेळी तीन-चार कामं चालवायची. मग एका ठिकाणी माणसं कमी पडली की दुसरीकडून उचलून आणायची. 'आमच्याकडे आज कुणीच आलं नाही' ही घरमालकांची कायमची तक्रार इथूनच येते. ती खरी असते, आणि तिच्यामागचं कारणही खरं असतं.

सकाळी सहाला सुरू होणारा दिवस

उजाडायच्या आत पहिला फोन गवंड्याला: येतोयस ना? नेहमीची माणसं कमी पडली तर मजूर नाक्यावर जायचं. नाक्यावरचा बिगारी त्याच संध्याकाळी रोख पैसे मागतो. नेहमीचे कामगार आठवड्याचा बाजार धरून पैसे घेतात, पण त्यांना 'उचल' लागते, म्हणजे आगाऊ रक्कम. आजारपण, शाळेची फी, सणवार, कारण काहीही असो, उचल दिली नाही तर माणूस दुसऱ्याकडे जातो. दिली आणि माणूस गेला, तर ती बुडाली. वहीत एका पानावर हजेरी आणि समोरच्या पानावर उचल असते. या धंद्याचं खातं म्हणजे तीच वही.

मग मालाची गाडी. रेती-खडी ब्रासने येते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीत खरंच तेवढा माल आहे का, हे हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजूनच कळतं. मालासकट काम घेतलेल्या ठेकेदाराने हे मोजलं नाही, तर तूट त्याच्या खिशातून जाते.

स्लॅबचा दिवस मात्र वेगळाच. मिक्सर, लिफ्ट, पंधरा-वीस माणसं, आणि एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. त्यानंतर रोज पाणी मारायचं. 'आयएस ४५६' या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी हवं, मिश्र सिमेंट असेल तर किमान १०. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढायचे नसतात, आणि ही मुदत साध्या सिमेंटची आहे. मिश्र सिमेंटला जास्त थांबावं लागतं. पण सेंट्रिंगचं भाडं दिवसावर चढत असतं आणि प्लेट दुसऱ्या कामावर हव्या असतात. टेकू लवकर काढायचा मोह होतो तो इथेच. घरमालकाने तारीख लिहून ठेवावी अशी ही एकच गोष्ट असेल तर ती हीच.

आठ महिन्यांचं वर्ष

या पट्ट्यात पावसाळा मोकळा सोडत नाही. उल्हास नदी फुगली की काय होतं हे जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने देशाला दाखवलं. जोत्याचं आणि स्लॅबचं काम दसऱ्यानंतर जोर धरतं आणि मे अखेरीस उरकायचं असतं. त्यातही मजुरांची ओढाताण असते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस पडला की गावातली माणसं भातलावणीला. परराज्यातले कारागीर होळीला घरी गेले की कधी परततील याचा नेम नाही. पावसाळ्यात ठेकेदाराकडे उरतं ते गळती काढणं, पत्रे बदलणं, आतलं प्लास्टर आणि लाद्या.

शेवटचा हप्ता

पैसे टप्प्याने मिळतात: जोतं झाल्यावर, भिंती उभ्या राहिल्यावर, स्लॅबवर, प्लास्टरवर आणि शेवटी काम पूर्ण झाल्यावर. शेवटी १० टक्के ठेवायचे ठरले असतील तर वरच्या उदाहरणात ते २१,००० होतात. नफा होता १६,०००. म्हणजे शेवटचा हप्ता बुडाला तर चाळीस दिवस फुकट गेलेच, वर ५,००० खिशातून गेले. मजुरांचे पैसे त्याने केव्हाच चुकते केलेले असतात.

मालकाची बाजूही आहे. दारं घासतात, लादी पोकळ वाजते, आणि हातात काही राखून ठेवलं नाही तर ठेकेदार परत फिरकत नाही हा अनेकांचा अनुभव. पैसे राखून ठेवण्यात गैर काही नाही. गैर हे की किती रक्कम, किती दिवस आणि कुठल्या दोषांसाठी, हे कुणीच लिहून ठेवत नाही.

तोंडी करार कायद्याने रद्द ठरत नाही. शिवाय १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी कायदेशीर काम करून दिलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पैसे देण्याची मुदत ठरली नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा करावा लागतो. व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि फोटो पुरावा म्हणून चालतात, मात्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण २१,००० रुपयांसाठी कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत. म्हणून कामाची यादी, दर, टप्पे आणि वाढीव कामाचा दर एका कागदावर लिहून दोघांनी सही करणं हेच कामाला येतं. वाढीव काम हा भांडणाचा सगळ्यात मोठा उगम, कारण 'एवढं करून टाका की' असं म्हणून ते सुरू होतं.

परवानगीचा कागदही काम घेण्याआधी बघावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विनापरवाना बांधकाम गुन्हा आहे, आणि अर्धवट बांधकाम पाडलं गेलं तर उरलेले हप्ते कुणाकडे मागणार?

सरकारी काम: नाव कागदावर असतं का?

गटार, शाळेची खोली, पाण्याची टाकी अशी छोटी सरकारी कामं महाराष्ट्रात ३३:३३:३४ या प्रमाणात वाटण्याची पद्धत आहे: मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले नोंदणीकृत कंत्राटदार. ज्याच्याकडे पदवी नाही, संस्था नाही आणि नोंदणीही नाही, तो गावातला ठेकेदार यात शिरतो तो दुसऱ्याच्या नावावर, उपठेकेदार म्हणून. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे 'एमबी'त, त्याचं नाव नसतं. बिल मूळ कंत्राटदाराच्या खात्यात येतं.

याचा अर्थ काय होऊ शकतो हे जुलै २०२५ मध्ये दिसलं. सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. सुमारे १ कोटी ४० लाखांचं बिल थकल्याचं सांगितलं गेलं. सरकारकडून आलेलं उत्तर असं, की काम त्याच्या नावावर नव्हतं, तो उपठेकेदार होता. राज्यभरातल्या कंत्राटदार संघटना त्याआधीपासूनच थकीत बिलांसाठी आंदोलन करत होत्या. पण त्या आंदोलनात ज्याचं नाव बिलावर आहे त्याची रक्कम तरी मोजली जाते. उपठेकेदाराची थकबाकी सरकारी यादीत येतच नाही. त्याने मूळ कंत्राटदाराशी केलेला लेखी करार हाच त्याचा एकमेव कागद.

कर थोडक्यात

कंपनीने ठेकेदाराला काम दिलं आणि एका बिलाची रक्कम ३०,००० वर किंवा वर्षाची १ लाखावर गेली, तर व्यक्तीच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापला जातो. पॅन नसेल तर २० टक्के. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मागता येतो. एमआयडीसीतल्या शेडची कामं करणारे अनेकजण तो सोडून देतात. सेवांची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि एकट्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटी माफ आहे.

माणूस परांचीवरून पडला तर

कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालक म्हणून ठेकेदारावर येते. १९२३ पासून चालत आलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. घरमालक 'ते तुमचे मजूर' म्हणून बाजूला होतो. एका अपघातात ठेकेदाराची काही वर्षांची कमाई जाऊ शकते.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देऊ शकतो. दाखला दिला तर आपण मालक ठरू या भीतीने काहीजण टाळतात, पण जबाबदारी दाखल्याशिवायही असतेच. बँकेतून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण देतो. हप्ता मे अखेरीस खात्यातून कापला जातो. नेमकं तेव्हाच काम संपून मजूर हिशेब घेऊन गावी निघालेला असतो, आणि खात्यात वीस रुपये नसले तर १ जूनपासून विमा बंद.