पोटचे पोर आणि कायद्याचा हात

अल मनखूलमध्ये संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणे हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा उद्योग. मग एखादा गृहस्थ रस्त्याच्या कडेला गाडी उभी करतो, एसी चालू ठेवतो आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणत ग्रोसरीत शिरतो. मागच्या सीटवर मूल झोपलेले असते. कुणी हटकलेच, तर उत्तर ठरलेले: "आमचे मूल आहे, आम्ही बघून घेऊ."

हे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. ते अपुरे का पडते, हे समजण्यासाठी १८६० सालापासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी मंजूर झालेली भारतीय दंडसंहिता १८६२ पासून अमलात आली. तिचे कलम ३१७ असे सांगत होते की, बारा वर्षांखालील मुलाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठे टाकणाऱ्या आईबापाला किंवा पालकाला सात वर्षांपर्यंत कैद व्हावी. कायदा कडक होता, परंतु तो यायचा अनर्थ घडून गेल्यावर. याच सुमारास पुण्यात काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत असे. एका शास्त्र्याने तिला फसवले. लोकलाजेपायी तिने जन्मलेले मूल मारले आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवा मात्र मोकळे राहिले.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी यातून वेगळा धडा घेतला. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, अशा छापील जाहिराती ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लावल्या. १८८४ साली सरकारला लिहिलेल्या पत्रात जोतीरावांनी त्याचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या, त्यांची पाचच मुले जगली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी उरलेली तीस दगावली. शिक्षेच्या धाकाने मुले वाचली नव्हती, आणि आसराही उशिरा मिळाला तर पुरत नव्हता. या आकड्यांचा अर्थ एवढाच.

याच गृहात जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात गेल्या आणि त्या संसर्गाने १० मार्चला वारल्या. मूल परक्याचे होते.

फुल्यांना जे उमगले होते, ते कायद्यात उतरायला दीड शतक लागले. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ मुलाला मारहाण करणाऱ्या, टाकून देणाऱ्या वा त्याची हेळसांड करणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांचा दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. पण जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडले असेल, तर ही शिक्षा लागू नाही, असेही त्यातच म्हटले आहे. काशीबाईच्या वेळी असा विचार कुणी केला नव्हता.

आता आपल्या दुबईकडे वळू. उंटांच्या शर्यतीत लहान मुलांना स्वार म्हणून बसवण्यावर अमिरातीने २००५ च्या कायद्याने बंदी घातली. अठरा वर्षांखालील स्वार वापरणाऱ्याला कैद आणि दंड ठरले, उंटांच्या पाठीवर यंत्रमानव आले, आणि युनिसेफच्या मदतीने हजारावर मुले पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया या आपापल्या देशांत परतली.

त्यानंतर २०१२ साली वदीमा प्रकरण उघडकीस आले. वदीमा ही आठ वर्षांची मुलगी. वडील आणि त्यांची मैत्रीण यांनी छळ करून तिला मारले आणि वाळवंटात पुरले. तिची धाकटी बहीणही तो छळ सोसत होती. दुबईच्या न्यायालयाने वडिलांना देहदंड आणि त्या स्त्रीला जन्मठेप सुनावली. बालहक्कांचा जो मसुदा तेव्हा तयार होत होता, त्याला वदीमाचे नाव मिळाले आणि तो २०१६ चा संघीय कायदा क्रमांक ३ झाला. आजही लोक त्याला वदीमा कायदाच म्हणतात.

या कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. मुलाला देखरेखीविना सोडणे, त्याची हेळसांड करणे हा पालकाचा गुन्हा असून त्याला कैद किंवा किमान ५,००० दिरहॅम दंड होऊ शकतो. शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक यांना मुलाला धोका दिसला की कळवणे बंधनकारक आहे. आपल्यातले कितीतरी जण याच पेशांत आहेत. त्यांच्यासाठी "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवा" ही सबब उरलेली नाही. इतरही कुणी गृहखात्याच्या ११६१११ या क्रमांकावर कळवू शकतो.

आपण परदेशात राहतो. पोलीस म्हटले की व्हिसा आणि नोकरी डोळ्यांपुढे येते, आणि झाकली मूठ झाकलीच राहते. भीती खरी आहे, पण त्या मुठीत गुदमरते ते मूल. पोलिसांच्या आधी शेजारी येऊ शकतो. एकट्या आईला तासभर मदत, संतापलेल्या बापाशी दोन शब्द, रस्त्यावरच्या गाडीपाशी मालक येईपर्यंत थांबणे, एवढे तर आपल्या हातात आहे. फुल्यांनीही सुरुवात स्वतःच्याच आवारापासून केली होती.